कॅमेरा घ्यावा तो कोणता?

गेल्या वैशाखांत आमच्या विनायकाच्या मुलाची, चि. ओंकारची, मुंज झाली. तिच्या आधीं तीन महिने घरांत एका प्रश्नावरून दोन पक्ष पडले होते. मुंजीच्या निमित्तानें एक चांगला कॅमेरा घ्यावा, याविषयीं दुमत नव्हतें. दुमत होतें तें कोणता घ्यावा याविषयीं. माझा पुतण्या विनायक म्हणे, घ्यावयाचा तर डीएसएलआर. त्याची पत्नी सौ. मृणाल हिला पक्षी पाहण्याचा नाद. ती म्हणे, सुपरझूम. घरच्या सामाईक पेटींतून चाळीस हजार रुपये मंजूर झाले होते, तेव्हां दोन्ही घेणें शक्य नव्हतें. अखेर दोघेंही माझ्याकडे आलीं. विनायक म्हणाला, "काका, तुम्ही द्याल तो निकाल आम्हांला मान्य." जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मास्तरानें यंत्राचा निकाल तो काय द्यावा! परंतु त्या निमित्तानें विद्यार्थी होऊन मीं जें समजून घेतलें तें वाचकांपुढें ठेवतों. कारण हा प्रश्न आज अनेक कुटुंबांत पडत असेल.

आमच्या घरीं या प्रश्नामागें एक जुनें दुःखही होतें. माझे थोरले बंधु, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणत असूं, यांनीं 1970 च्या सुमारास आपल्या पहिल्या पगारांतून आग्फाचा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा घेतला. एका रिळांत बारा चित्रें; म्हणून कळ दाबण्यापूर्वीं दादा दहादां विचार करीत. पुढें पन्नास वर्षें घरांतलीं बारशीं, मुंजी, लग्नें, सर्व त्यांनींच टिपलीं. 2023 सालीं दादा गेले. भिंतीवर लावण्यास त्यांचें चित्र शोधूं लागलों, तों ट्रंकेंतील शेंकडों चित्रांत दादा कोठेंच नाहींत! जो चित्र काढतो तो चित्रांत कसा सांपडणार? शेवटीं एका लग्नांतील समुदायाच्या चित्रांत मागच्या ओळींत ते दिसले. रात्रींच्या मांडवांत, कोणीं तरी लहान कॅमेऱ्यानें दुरून घेतलेलें तें चित्र. चेहरा मोठा करतांच डोळ्यांच्या जागीं नुसते दाणे दिसूं लागले. तेंच आज भिंतीवर आहे. वहिनी रोज त्याला हार घालतात आणि कांहीं बोलत नाहींत. वहिनी आतां चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत.

असो. प्रथम या दोन यंत्रांतील मूळ भेद पाहूं. पूर्वीं कॅमेऱ्यांत फिल्म असे. तिच्या जागीं आतां सेन्सर नांवाचा, प्रकाश टिपणारा एक चौकोनी तुकडा असतो. डीएसएलआरमध्यें भिंगांतून आलेला प्रकाश आंतल्या आरशावर पडून आपल्या डोळ्याकडे वळतो. कळ दाबली कीं आरसा खट्‌कन वर जातो आणि तोच प्रकाश मागील सेन्सरवर पडतो. शिवाय भिंग काढून दुसरें बसवितां येतें. सुपरझूममध्यें आरसा नसतो, भिंग कायमचें जडविलेलें असतें, आणि सेन्सरनें टिपलेलें चित्रच छोट्या पडद्यावर दिसतें.

परंतु खरा भेद आरशाचा नव्हे. तो सेन्सरच्या आकाराचा आहे. निकॉनच्या डी3500 या 2018 सालच्या, नवशिक्यांसाठीं काढलेल्या डीएसएलआरचा सेन्सर सुमारें 23.5 मिलिमीटर लांब व 15.6 मिलिमीटर रुंद आहे. त्याच कंपनीच्या कूलपिक्स पी900 या 2015 सालच्या सुपरझूमचा सेन्सर सुमारें 6.2 लांब व 4.6 रुंद. मॅट्रिकच्या गणितानें एवढें समजतें: एकाचें क्षेत्रफळ साडेतीनशें चौरस मिलिमीटरांहून अधिक, दुसऱ्याचें तीसांच्या आंत, म्हणजे जवळजवळ तेरापटींचा फरक. जाहिरातींत मेगापिक्सेलचे आंकडे ठळक छापतात. पण ते पहिल्याचे 24 व दुसऱ्याचे 16 आहेत, आणि त्यावरून हा तेरापटींचा फरक कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं. पावसांत अंगणांत एक परात व एक वाटी ठेवून पाहावी. धो धो पाऊस असला तर वाटींतही कामापुरतें पाणी येतें. नुसती भुरभुर असली तर परातींत तांब्याभर सांठतें, वाटींत चार थेंब. प्रकाशाचेंही असेंच आहे.

मग सुपरझूम कोणीं कां घ्यावा? तर वाटीचाही एक गुण आहे. सेन्सर लहान असल्यामुळें आटोपशीर भिंगानेंही फार दूरची वस्तु त्यावर भरून दिसते. पी900 चें भिंग प्रत्यक्षांत 4.3 पासून 357 मिलिमीटरपर्यंत जातें. जुन्या 35 मिलिमीटर फिल्मच्या मापानें हें 24 ते 2000 होतें. डी3500 बरोबर मिळणारें 18 ते 55 चें भिंग त्याच मापानें 27 ते सुमारें 82 पर्यंतच पोंचतें. मात्र येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. '83 पट झूम' याचा अर्थ वस्तु डोळ्यांना दिसते तिच्या 83 पट मोठी दिसते, असा नाहीं. शेवटच्या आंकड्यास पहिल्यानें भागून आलेली ती संख्या होय. 50 मिलिमीटरचें दृश्य साधारणपणें डोळ्यांस स्वाभाविक वाटतें असें धरलें, तर 2000 म्हणजे चाळीसपट. अर्थात् तेंही थोडें नव्हे.

पुस्तकी ज्ञान येथवर झालें. आतां प्रयोग. हीं दोन्ही यंत्रें ओळखीच्या मंडळींकडून चार दिवसांसाठीं मागून आणलीं, आणि माघांतल्या एका रविवारीं भिगवणला गेलों. तेथें उजनी धरणाच्या मागच्या पाण्यावर हिवाळ्यांत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. ऊन लख्ख होतें. विनायकानें डीएसएलआरनें चित्र घेतलें. त्यांत पाणी होतें, आकाश होतें, आणि मध्यें गुलाबी तांदूळ सांडल्यासारखें कांहीं तरी होतें. मृणालनें काठावरील दगडावर कोपर टेकलें, सुपरझूम पुढें सरकविला, श्वास रोखला आणि कळ दाबली. पक्ष्याच्या वांकड्या चोंचींतून गळणारे थेंब आम्हांला पडद्यावर मोजतां आले. विनायक म्हणाला, "डीएसएलआरला लांबचें भिंग घेतां येईल." खरें आहे, पण 70 ते 300 चें भिंग घेतलें तरी तें जुन्या मापानें 450 पर्यंतच जातें, आणि त्याचा खर्च निराळा. भिगवणची बाजी मृणालनें जिंकली.

दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीला वाईच्या आमच्या जुन्या वाड्यांत प्रयोगाचा दुसरा भाग झाला. देवघरांत एकच मंद दिवा. वहिनी निरांजन लावीत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "भाऊजी, माझा कसला फोटो काढतां? मुंज ओंकारची आहे." मी म्हणालों, "वहिनी, मी यंत्राची परीक्षा घेत आहें. तुमचें चालूं द्या." सुपरझूमच्या चित्रांत वहिनी ओळखूं येत होत्या, पण सुरकुत्या पुसल्यासारख्या, केंसांचा नुसता पांढरा डाग, आणि मोठें करतांच सर्वत्र दाणे. ते दाणे आमच्या ओळखीचे होते. डीएसएलआरचें सोबतच्या भिंगानें घेतलेलें चित्र त्याहून स्वच्छ आलें, पण शटर फार वेळ उघडें राहिल्यामुळें माझा हात हलला व तें अस्पष्ट झालें. मग कॅमेऱ्याच्या मालकानेंच दिलेलें 50 मिलिमीटरचें, एफ 1.8 चें छोटें भिंग लावलें. या 'एफ'पुढचा आंकडा जितका लहान तितकें भिंगाचें द्वार मोठें. प्रमाण व्यस्त आहे. 5.6 वरून 1.8 वर आलें कीं नऊ-दहापट प्रकाश आंत येतो. त्या चित्रांत वहिनींच्या डोळ्यांत निरांजनाची ज्योत दिसली. मी तें चित्र पाहत बराच वेळ तसाच बसलों.

रात्रीं जेवणें झाल्यावर सर्व चित्रें ओटीवर मांडून बसलों. मी कांहीं बोलण्यापूर्वींच मृणाल म्हणाली, "काका, मी माझा आग्रह सोडतें. पक्षी पुढच्या हिवाळ्यांत परत येतील." पुढचें वाक्य तिनें उच्चारलें नाहीं, आणि आम्हीं कोणीं तें विचारलेंही नाहीं. निकाल द्यावयाचा मान माझा होता खरा. पण तो दिला तिनें. मीं फक्त एक अट घातली: कॅमेरा कोणा एकाचा नाहीं, घरांतल्या प्रत्येक मोठ्या माणसानें तो चालविण्यास शिकलेंच पाहिजे.

आतां खरेदीविषयीं थोडें. डी3500 चें उत्पादन बंद झालें आहे, आणि कंपन्यांचें लक्ष आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांकडे वळलें आहे. त्यांतील पुष्कळांचे सेन्सर असेच मोठे असून भिंगेंही बदलतां येतात. ज्यांची ऐपत असेल त्यांनीं ते अवश्य पाहावेत. आम्हीं वापरलेला डी3500 व 50 चें भिंग घेतलें. वापरलेली वस्तु घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. शटर आजवर किती वेळां उघडलें याची नोंद निकॉनच्या चित्राबरोबर राहते. ती विक्रेत्याकडून दाखवून घ्यावी. भिंग दिव्यासमोर धरून आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतु नाहींत ना, हें पाहावें. तिसरी गोष्ट, निकॉनच्या या स्वस्त कॅमेऱ्यांच्या अंगांत फोकस करणारी मोटर नसते. ती भिंगांत असावी लागते. म्हणून भिंगावर 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' अशीं अक्षरें आहेत ना तें वाचावें. नुसतें 'एएफ' असलें तर फोकस हातानें करावा लागेल, आणि साठी उलटलेल्या डोळ्यांना तें जमत नाहीं.

वस्तु घरीं आल्यावर पावसाळ्याची काळजी घ्यावी. वाईपासून कोंकणापर्यंत आपल्याकडील दमट हवेंत कातडी पिशवींत ठेवलेलें भिंग बुरशीला आमंत्रण देतें. हवाबंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें. डीएसएलआर जड असतो ही समजूतही तराजूवर टिकत नाहीं. डी3500 व त्याचें नेहमींचें भिंग मिळून सुमारें सव्वासहाशें ग्रॅम. पी900 सुमारें नऊशें. मात्र खिशांत मावणारे सुपरझूमही निघाले आहेत. कॅननचा 2018 सालचा एसएक्स740 एचएस सुमारें तीनशें ग्रॅमचा असून त्याचा झूम 40 पट आहे. यात्रेला जाणाऱ्या वडील मंडळींना तो सोयीचा.

मुंजीच्या दिवशीं एक गंमत झाली. मातृभोजनाची वेळ आली. मृणाल मुलाशेजारीं पाटावर बसलेली, विनायक भटजींच्या तावडींत; म्हणजे ज्या दोघांचा वाद, ते दोघेही चित्र काढण्यास मोकळे नाहींत! कॅमेरा माझ्या हातीं आला. माजघरांतला तो अंधुक उजेड, माझे थरथरणारे हात. नऊ चित्रें घेतलीं, त्यांतलीं सात वायां गेलीं. आठव्यांत ओंकारचे डोळे मिटलेले. नवव्यांत मृणाल मुलाला घांस भरवीत आहे, आणि मागें वहिनी पदर तोंडाला लावून पाहत आहेत. तें चित्र आम्हीं मोठें करून घेतलें. वहिनींनीं तें हातांत धरून पुष्कळ वेळ पाहिलें व म्हणाल्या, "यांना हें आवडलें असतें." मग दादांच्या तसबिरीखालीं खुंटी ठोकावयास सांगितलें.

सारांश काय? शास्त्रांत अधिकारिभेद म्हणून एक विचार आहे; एकच उपदेश सर्वांना लागू पडत नाहीं. ज्यांचा जीव रानांत, पाण्यावर, दूरच्या शिखरांवर आहे, आणि जे उन्हांत हिंडतात, त्यांनीं सुपरझूम निःशंकपणें घ्यावा. त्यांना डीएसएलआरचा केवळ पश्चात्ताप होईल. ज्यांचें चित्रविश्व म्हणजे देवघर, माजघर, कार्यालयांतील रात्रींचे समारंभ आणि घरच्या माणसांचे चेहरे, त्यांनीं मोठा सेन्सर व मोठ्या द्वाराचें एक लहान भिंग घ्यावें. सोबतच्या भिंगावर थांबूं नये. आणि ज्यांना चित्रें फक्त मोबाइलवर पाहावयाचीं व आप्तांस पाठवावयाचीं आहेत, त्यांचें काम हातांतील मोबाइलनें भागतें. त्यांनीं पैसे वांचवावे.

मृणालचें देणें मात्र माझ्याकडे राहिलें आहे. दर महिन्याच्या निवृत्तिवेतनांतून थोडे बाजूला टाकतों आहें. भिगवणला पक्षी उतरण्यापूर्वीं एक वापरलेला सुपरझूम तिच्या हातीं पडेल, अशी आशा आहे.

वाचकांना एकच विनंति. कॅमेरा कोणताही घ्या, केव्हांही घ्या. पण तुमच्या घरांत नेहमीं जो माणूस इतरांचीं चित्रें काढतो, त्याचें एक चित्र आजच, हातीं असेल त्या यंत्रानें, खिडकीशीं उजेडांत बसवून काढून ठेवा.