पाहुणा पाण्यात उतरण्याआधी

दापोलीकरांनो, आणि दापोलीला यायला निघालेल्या सगळ्यांनो,

मुलांच्या परीक्षा संपल्या की खेडहून आणि मंडणगडहून येणाऱ्या गाड्यांची रांग लागेल. मुरुड, कर्दे, लाडघरचे किनारे भरतील. दुपारच्या उन्हात वाळू तापली आणि समुद्र नकोसा झाला की हीच मंडळी सावलीचं पाणी शोधत आत वळतील. कुणी आसूदच्या दरीत उतरेल, कुणी पन्हाळेकाजीची लेणी बघून कोटजाई नदीच्या पात्रात पाय सोडेल, कुणी फोनवर कुठलातरी व्हिडिओ दाखवत एखाद्या वाडीच्या वहाळाचा, म्हणजे ओढ्याचा, पत्ता विचारेल. हे आवाहन त्या आत वळणाऱ्या गाडीसाठी आहे. पण त्याहून जास्त ते त्या गाडीतल्या माणसांना सकाळी घावनं वाढणाऱ्या, खोली देणाऱ्या, रिक्षाने सोडणाऱ्या, पाण्याची बाटली विकणाऱ्या आपल्यासाठी आहे.

मागणं एकच आहे. पाहुणा पाण्यात उतरण्याआधी त्याला तोंडाने सांगा, की हे पाणी कुणाचं आहे आणि पुढे कुठे जातं.

हे आत्ताच सांगायची घाई अशासाठी, की मे महिन्यात आपल्याकडे पाणी सगळ्यात कमी असतं आणि माणसं सगळ्यात जास्त. पाऊस आपल्याला कमी नाही, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण तो पडतो चार महिन्यांत आणि आपली जमीन जांभ्याची. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, पडलेलं पाणी जांभ्याच्या भोकाभोकांतून खाली झिरपतं आणि दरीच्या कडेला झरा होऊन बाहेर येतं. दिवाळीनंतर आपले वहाळ जे काही वाहतात ते या झऱ्यांच्या जिवावर. जुलैत कुणी पिशवी टाकली तर ती संध्याकाळपर्यंत खाडीला लागते (तेही वाईटच, अंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ती परत भेटते). मेमध्ये टाकलेली पिशवी मात्र मृगापर्यंत तिथेच असते. सांडलेला साबण, फुटलेली काच, बाळाचं लंगोट, उरलेली बिर्याणी, सगळं त्याच गुडघाभर डोहात.

आसूदचंच बघा. दापोली-हर्णै रस्त्यावरून खाली उतरलं की पोफळी आणि माडांच्या बागांतून पाखाडी जाते, मग साकव, म्हणजे छोटा पूल, लागतो, साकवाखाली वहाळ, आणि पलीकडे चढ चढून केशवराजाचं देऊळ. देवळापाशी गोमुखातून पाणी पडत असतं, लोक ओंजळीने पितात. तेच डोंगरातलं पाणी पाटापाटांनी बागांतून फिरतं. कादंबरीकार श्री. ना. पेंडसे शेजारच्या मुर्डीचे. याच परिसरातली त्यांची 'गारंबीचा बापू' ही कादंबरी १९५२ साली आली आणि तेव्हापासून ही दरी बघायला माणसं येतात. यावं त्यांनी, आनंद आहे. मात्र येणाऱ्याला दिसतं थंडगार पाणी आणि सावली. त्या बागेत राबणाऱ्याला दिसते पाण्याची पाळी. आज कुणाच्या बागेला, उद्या कुणाच्या, किती वेळ, हे ठरलेलं असतं आणि त्यावरून भाऊबंदकीत भांडणंही झालेली असतात. इतक्या मोलाचं पाणी आपण पाहुण्याला चकटफू आणि एक शब्द न बोलता दाखवतो.

पाटाच्या तोंडाशी काय होतं ते सांगतो, कारण हे पाहुण्याला तर नाहीच, आपल्यातल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं. वहाळात दगड, माती आणि पाल्याचा लहानसा बांध घातलेला असतो. तिथून वीतभर रुंदीचं पाणी पाटात वळवलेलं असतं. वर कुणीतरी वेफर्स खाल्ले. आतून चंदेरी असलेलं ते पुडकं वाहत येतं आणि पाटाच्या तोंडावर दगडाला चपटून बसतं. त्यावर दोन पानं अडकतात, पानांवर गाळ बसतो, आणि तासाभरात पाणी पाट सोडून बांधावरून परत वहाळात जायला लागतं. खाली बागेत पोफळीची आळी कोरडी. मग बागेतला माणूस पाटाच्या कडेने अनवाणी वर चालत येतो आणि पाण्यात कोपरापर्यंत हात घालून कुठे तुंबलंय ते चाचपतो. बहुतेक वेळा पुडकंच हाताला लागतं. कधी बाटलीची काच लागते. मग आठवडाभर त्या हाताला फडकं बांधलेलं असतं आणि झाडावर चढणं बंद.

साबणाचंही तसंच. दहा जणांनी डोहात अंग घासलं, शाम्पूच्या पुड्या फोडल्या, की कडेच्या दगडांपाशी फेस साचतो. पाण्याच्या पृष्ठभागावर तुरुतुरु चालणारे किडे त्या पृष्ठभागाच्या ताणावर उभे असतात. साबण तो ताणच मोडतो आणि ते बुडतात. माशांच्या कल्ल्यांना साबण झोंबतो. वाहत्या पुरात हे पातळ होऊन गेलं असतं. मेच्या डोहात त्याला जायला वाटच नसते.

आता पाहुण्याबद्दल. तो वाईट नसतो. ज्याच्या घरी पाणी नळातून येतं आणि कचरा घंटागाडीतून जातो, त्याला पाट म्हणजे काय आणि पाळी म्हणजे काय हे कळणार कुठून? आपण त्याला सांगितलंय कधी? आपण लावतो पाट्या. 'येथे कचरा टाकू नये, हुकमावरून.' कुणाच्या हुकमावरून ते बहुधा खरवडलेलं असतं. कचरा बरोबर त्या पाटीच्या खांबाशीच साठतो, कारण आसपास मोकळी जागा तेवढीच आणि डबा कुठेच नाही. माझं स्पष्ट मत आहे, की आणखी पाट्यांवर ग्रामपंचायतींनी एक रुपया घालवू नये. पाटी दुखावत नाही आणि समजावतही नाही.

बोललेलं मात्र कळतं, याचा पुरावा आपल्या दारातच आहे. वेळासला आणि अंजर्ल्याला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा जाऊन बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं, पुढे त्याचा महोत्सव झाला, आणि गावातल्या घराघरांत पाहुणे उतरायला लागले. तिथे हीच पुण्या-मुंबईची मंडळी दोरीमागे उभी असतात. मुलं कुजबुजतात. कुणी फ्लॅश मारला तर शेजारचाच पर्यटक त्याला दटावतो. का? कारण पिल्लांवरची टोपली उचलण्याआधी गावातला कुणीतरी उभा राहून सांगतो, की ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री येऊन अंडी घालून गेली, पन्नासेक दिवस ती अंडी आम्ही जपली, आता तुम्ही फक्त या दोरीच्या पुढे येऊ नका. झालं. तीच गाडी पिल्लं बघून दुपारी आसूदला जाते आणि तिथे वहाळात बाटल्या टाकते. माणसं तीच, दिवस तोच. फरक इतकाच, की आसूदला त्यांच्याशी कुणी बोललेलं नसतं.

महाडच्या बाजूला बिरवाडीजवळ काळ नदीत वाळणकोंड आहे. तिथले मासे देवीचे म्हणून कुणी मारत नाही, उलट माणसं त्यांना चुरमुरे घालतात. पिढ्यानपिढ्या येणाऱ्याला पहिलं वाक्य तेच ऐकवलं जातं. आपल्या प्रत्येक डोहाला नवी देवी बसवा असं मी म्हणत नाही. ऐकवणारं माणूस बसवा म्हणतो. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या देशाची वस्ती वीस हजारांच्या आतबाहेर, पोट बऱ्याच अंशी पर्यटनावर. २०१७ पासून तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टवर एक प्रतिज्ञा उमटवतात आणि त्यावर त्याची सही घेतात. ही बेटं मी जपून वापरीन, असं वचन तो पलाऊच्या मुलांना देतो. एवढ्याशा देशाला पाहुण्याला अट घालायची लाज वाटत नाही. आपल्याला 'साहेब, बाटली परत आणा' म्हणताना जीभ अडखळते. पाहुणा रागावेल, मोबाइलवर एक तारा कमी देईल, पुढच्या वेळी शेजारच्याकडे उतरेल, अशी धास्ती असते. म्हणूनच हे सगळ्यांनी मिळून करायचं आहे. सगळेच सांगायला लागले की शेजाऱ्याकडे जाऊनही तेच ऐकावं लागेल.

सांगायचं ते फार नाही. नाश्त्याच्या ताटाबरोबर सांगता येईल असं आहे. 'आसूदला जाताय ना? खुशाल जा, पाय सोडून बसा, पोरांना खेळू दे. फक्त साबण आणि शाम्पू इथेच ठेवा, आंघोळीला आमच्या न्हाणीत गरम पाणी आहे. ते पाणी खाली बागांना जातं आणि बागेतली माणसं अनवाणी असतात, तेव्हा काचेची बाटली नेऊच नका. वहाळात रचलेले दगड हलवू नका, तो बांध आहे. ही पिशवी घ्या, खाल तो कचरा हिच्यात घाला आणि संध्याकाळी मला परत द्या.' पिशवी परत मागायची हे विसरू नका. मागणारं कुणीतरी आहे म्हटलं की पिशवी भरून येते; नुसती दिली तर तीच वहाळात जाते. आणि एक वाक्य पावसाळ्यासाठी राखून ठेवा: 'वर सड्यावर काळं दिसलं की लगेच बाहेर या, इथे ऊन असलं तरी.' लोणावळ्याला ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पाणी क्षणात वाढतं हे डोंगरात राहणाऱ्याला ठाऊक असतं, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला नसतं.

आता आपल्या घरचं. कॉजवेखाली जीप धुणारे आपणच, कोंबडीची पिसं पिशवीत बांधून पुलावरून भिरकावणारे आपणच, लॉजच्या सेप्टिक टाकीचा पाइप रात्री वहाळात सोडणारेही आपल्यातलेच. जोग नदी दापोलीच्या बाजूने निघून अंजर्ल्याला समुद्राला मिळते. दापोली कॅम्पातल्या ओढ्यात जे पडतं त्याला दुसरीकडे कुठे जायला वाव नाही. पाहुणा आपलं बोलणं ऐकतो त्याआधी आपलं वागणं बघतो. ज्याच्या गाडीखालून तेलाचा तवंग वाहतोय त्याने पुण्याच्या माणसाला साबणावरून बोलू नये, आणि बोललाच तर समोरचा ऐकणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. सार्वजनिक झऱ्याचं पाणी जाणूनबुजून घाण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७९ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. राज्यात प्लॅस्टिकबंदी २०१८ पासून आहे. माहीत असावं म्हणून सांगितलं. प्रत्येक वहाळावर पोलिस उभा राहील अशी आशा कुणी करू नये.

त्यापेक्षा दहा रुपयांचं बळ मोठं आहे. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात रानात फुटलेल्या दारूच्या बाटल्यांनी जनावरांचे पाय कापत होते. २०२२ मध्ये तिथे सरकारी दारू दुकानांतून बाटलीमागे दहा रुपये जास्त घ्यायला सुरुवात झाली. रिकामी बाटली आणून द्या, दहा रुपये परत घ्या. हे आपल्या नाक्यांवर, फाट्यांवर करायला सरकारी आदेश लागत नाही. चार टपऱ्या आणि दोन दुकानं बसून ठरवू शकतात. बाटलीवर एक खूण करायची, रोख दहा रुपये ठेवून घ्यायचे. पाहुणा बाटली विसरला तरी ती वेचून आणणाऱ्या वाडीतल्या पोराला दहा रुपये मिळतात. काचेला हे आधी लागू करा.

येणाऱ्यांनो, तुम्हालाही सरळच सांगतो. दापोली तुमचीच आहे, पण हे पाणी आधीच कुणाच्या तरी हिश्शाचं आहे. त्यात बसा, डुंबा, मुलांना खेकडा दाखवा आणि दगड होता तसा ठेवा. गाडी पात्रात घालू नका. स्पीकर गाडीतच राहू द्या. देवळाच्या पाखाडीवर पाण्याचा आवाज ऐकायला तुमच्याआधी कुणीतरी आलेलं असतं. शौचाला खोलीवरूनच जाऊन या, आणि वेळ आलीच तर पाण्यापासून शंभर पावलं लांब. लंगोट, सॅनिटरी पॅड, सिगारेटची थोटकं परत न्या. आणि खोलीच्या मालकाने हे काहीच सांगितलं नाही तर तुम्ही विचारा: 'हे पाणी कुणाच्या बागेला जातं?' तुमच्या या प्रश्नाने तो जेवढा शहाणा होईल तेवढा या लेखाने होणार नाही.

राहिलं ते ठरवायचं कधी. १ मेला ग्रामसभा असते, विषय तिथे घेऊ असं कुणीतरी म्हणेल. १ मेला गाड्या साकवाशी उभ्या असतील. आसूद, अंजर्ले, मुर्डी, पन्हाळेकाजी, आणि ज्यांच्या वाडीत वहाळ आहे अशा सगळ्या गावांनी त्याआधीच्या एखाद्या संध्याकाळी देवळात बसावं. खोलीवाले, रिक्षावाले, टपरीवाले आणि बागायतदार, हे चौघे तरी हवेतच. पिशव्या कुणी शिवायच्या, बाटलीची खूण कुठली, शनिवार-रविवारी साकवावर दोन तास कुणी उभं राहायचं, एवढं ठरलं तरी पुरे. उभं राहायला माणसं कमी पडली तर कृषी विद्यापीठातल्या आणि कॉलेजांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरांना विचारा. सुट्टीला घरी जाण्याआधी विचारा, नंतर वसतिगृहात कुणी सापडणार नाही.