हौसेचे मोल कोणी द्यावे?

‘हौसेला मोल नाही’ असे आपण मराठी माणसे लग्नकार्यात आणि दिवाळीच्या खरेदीत सर्रास म्हणतो. घरच्या पैशाने केलेल्या हौसेपुरते ते ठीक आहे. परंतु जी हौस भागविण्यासाठी मैलभर सपाट जमीन राखावी लागते, हवामानाचा अंदाज मिळवावा लागतो, आणि आकाशात दोन विमाने एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून अहोरात्र पहारा ठेवावा लागतो, त्या हौसेला मोल असते आणि ते कोणी ना कोणी भरीतच असतो. केवळ आनंदासाठी लहान विमान वा ग्लायडर उडविणाऱ्यांच्या बाबतीत हे मोल सरकारी तिजोरीने किती सोसावे आणि उडविणाऱ्याने किती द्यावे, हा प्रश्न वरकरणी मूठभर लोकांचा वाटतो. तो तसा नाही. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले. ग्लायडिंग, पॅराग्लायडिंग, बलून, पॅराशूट, मायक्रोलाइट अशा अनेक प्रकारांना त्यात स्थान मिळाले असून २०३० पर्यंत भारताने या क्षेत्रात अग्रभागी असावे, अशी आकांक्षा त्यात बोलून दाखविली आहे. आकांक्षा स्तुत्य आहे. पैशाचा विचार मात्र तिच्या मानाने मोघम आहे.

या खर्चाविरुद्धचा आक्षेप सर्वांस ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. ज्या देशात खेड्यांतल्या शाळांची छपरे अजून गळतात, तेथे श्रीमंतांच्या विमानक्रीडेला सार्वजनिक पैसा का द्यावा? या आक्षेपाला ‘क्रीडेस उत्तेजन’ अशा गुळगुळीत शब्दांनी उत्तर देणे आम्हांस मान्य नाही. ज्याचे स्वतःचे विमान आहे त्याच्या इंधनाचा, यंत्राच्या दुरुस्तीचा वा विमान ठेवण्याच्या जागेच्या भाड्याचा एक पैसाही इतरांनी सोसण्याचे कारण नाही. पण प्रश्न येथे संपत नाही. खरे पाहता तो येथून सुरू होतो.

आपल्या देशात नागरी विमानविद्येचा पाया व्यापारी कंपन्यांनी घातला नाही, हौशी मंडळींनी घातला. १९२७ साली नागरी विमान वाहतुकीचे स्वतंत्र खाते निघाले आणि त्यानंतर थोड्याच काळात दिल्ली, मुंबई, कलकत्ता व कराची येथे सरकारी साह्याने फ्लाइंग क्लब उभे राहिले. या मुंबईच्या क्लबात शिकून जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळविला. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते जुहूला उतरले, हे सर्वश्रुत आहे. आगाखानांनी इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यामधील एकट्याने करावयाच्या उड्डाणासाठी बक्षीस लावले, ते १९३० साली कराचीच्या अस्पी इंजिनियर या सतरा वर्षांच्या मुलाने जिंकले. वाटेत इजिप्तमध्ये तो स्पार्क प्लगसाठी अडून पडला असता त्याला ते दिले, ते त्याच स्पर्धेत उतरलेल्या टाटांनी! हाच मुलगा १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. क्लबांना अनुदान देताना सरकारच्या हिशेबनिसाने ही रक्कम ‘करमणूक’ या सदरात टाकली असती, तरी त्याला दोष देता आला नसता. ते सभासद बहुतांशी सुखवस्तू घरांतलेच होते, हेही खरे. तरीदेखील त्या पैशाची परतफेड देशाला पुरेपूर झाली.

इतिहासातला हा दाखला आजच्या शुल्काचा दर ठरवून देत नाही. त्यासाठी अमेरिकेकडे पाहणे उपयोगी आहे, कारण हौशी उड्डाणाचा पसारा तेथे जगात सर्वांत मोठा आहे आणि त्याच्या खर्चावरून तेथे दीर्घकाळ वाद चालू आहे. १९७० साली तेथे विमानतळ व हवाई मार्ग यांसाठी एक स्वतंत्र निधी स्थापन झाला. प्रवाशाच्या देशांतर्गत तिकिटावर साडेसात टक्के कर, आणि लहान विमानांच्या पेट्रोलवर गॅलनमागे १९.३ सेंट, असे या निधीचे झरे आहेत. शिवाय सर्वसाधारण तिजोरीतूनही भर पडते. हौशी वैमानिक जितके उडतो, तितके इंधन जाळतो आणि तितका कर भरतो. त्याला कोणी बिल पाठवीत नाही, त्याच्यासाठी कोठे कारकून बसवावा लागत नाही.

मोठ्या विमान कंपन्यांना ही व्यवस्था अन्यायाची वाटते. त्यांचे म्हणणे असे की, चार आसनांचे विमान असो वा चारशे, नियंत्रकाला लक्ष सारखेच द्यावे लागते. मग तिकिटाच्या करातून आमच्या प्रवाशांनी इतरांचा भार का वाहावा? उलट हौशी वैमानिक म्हणतात की, ही सारी महागडी यंत्रणा कंपन्यांच्या वेळापत्रकांसाठीच उभारली आहे. आम्ही उद्या उडणे सोडले तरी तिचा एक मनोराही बंद होणार नाही. दोघेही अर्धे खरे बोलतात. सार्वजनिक सोयीच्या वापराचे वाटे नेमके पाडणे ही गोष्ट विहिरीच्या पाण्यावर नावे लिहिण्यासारखी आहे.

२०११ साली अध्यक्ष ओबामा यांच्या सरकारने प्रत्येक उड्डाणामागे १०० डॉलर घेण्याची सूचना पुढे आणली. हौसेने लहान पिस्टन विमान उडविणाऱ्यांना तीत सूट होती. तरीही विरोध केला तो याच मंडळींनी, आणि हिरिरीने केला. त्यांचे भय अवास्तव होते असे आम्हांस वाटत नाही. वसुलीची खिडकी एकदा उघडली की, आजची सूट उद्या काढून घेणे ही केवळ एका परिपत्रकाची बाब असते. टोलनाक्यांचा अनुभव असलेल्या आमच्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. ती सूचना काँग्रेसने स्वीकारली नाही. पुढे २०१६ आणि २०१७ साली हवाई नियंत्रणच सरकारी खात्याकडून काढून एका स्वतंत्र मंडळाकडे देण्याचा बेत निघाला. तोही फेब्रुवारी २०१८ मध्ये मागे घ्यावा लागला.

याच वादाचे एक लहानसे परंतु बोलके प्रकरण २०१३ साली घडले. विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी दरवर्षी उन्हाळ्यात हौशी वैमानिकांची जत्रा भरते. तिच्या निमित्ताने त्या परिसरात दहा हजारांवर विमाने उतरतात आणि तेवढे दिवस तेथील नियंत्रण मनोऱ्यावर जगातील अत्यंत गजबजलेल्या मनोऱ्यांइतके काम पडते. त्या वर्षी अमेरिकन सरकारवर सक्तीची खर्चकपात ओढवली होती. तेव्हा विमान वाहतूक खात्याने आयोजक संस्थेकडे नियंत्रकांच्या प्रवासाचा, भत्त्यांचा व जादा कामाचा असा सुमारे ४ लाख ४७ हजार डॉलरांचा खर्च मागितला. संस्थेने पैसे भरले, पण निषेध नोंदवून. आणि न्यायालयात धाव घेतली. पुढील वर्षी उभयपक्षी तडजोड झाली.

या प्रकरणात सर्वस्वी सरकारच चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. जत्रा भरविणाऱ्याने जादा बंदोबस्ताचा खर्च द्यावा, हे तत्त्व आपल्या शहरांतही मान्य आहे. हरकत घ्यावयाची ती पद्धतीला. ऐन वेळी, पूर्वी कधीही न घेतलेली रक्कम, आणि तीही सुरक्षिततेच्या सेवेसाठी! ‘पैसे नसतील तर नियंत्रक नाहीत’ असे सरकारने म्हणणे, याचा अर्थ अपघात टाळण्याचे काम सवडीचे आहे असे मान्य करणे होय.

आमच्या मते साऱ्या वादाचे मर्म येथेच आहे. आमचे आयुष्य काही काळ शाळेत शिकविण्यात गेले. प्रत्येक शंका विचारण्याबद्दल विद्यार्थ्याकडून दहा रुपये घ्यावयाचे असा नियम एखाद्या शाळेने केला तर काय होईल? शंका कमी होतील, आणि मुख्याध्यापक अहवालात लिहितील की मुलांना सर्व समजू लागले आहे. हवामान विचारण्याचे, मनोऱ्याशी बोलण्याचे, वाट चुकल्यास दिशा मागण्याचे पैसे दर खेपेस पडू लागले तर बेताच्या मिळकतीचा हौशी वैमानिक नेमका त्याच वेळी गप्प बसेल, ज्या वेळी त्याने बोलणे अवश्य आहे. ढगात शिरलेला असा वैमानिक केवळ स्वतःलाच धोक्यात घालीत नाही. त्याच आकाशातून दोनशे प्रवासी घेऊन दुसरे विमान जात असते. तेव्हा या सेवा त्याच्या हौसेसाठी दिलेली देणगी नव्हे, त्या दोनशे जणांच्या प्राणांची ती राखण आहे. कॅनडाने १९९६ साली हवाई नियंत्रण एका ना-नफा संस्थेच्या स्वाधीन केले, तेव्हा लहान विमानांना ठरावीक मुदतीचे ठोक शुल्क लावण्यात आले. एकदा पैसे भरले की बोलण्यास मज्जाव नाही. ही रीत पुष्कळच शहाणपणाची म्हटली पाहिजे.

आता आपल्या घराकडे वळू. अमेरिकेची पेट्रोल-कराची युक्ती आपण जशीच्या तशी उचलू शकत नाही, कारण येथे लहान विमानांचे पेट्रोल जाळतात ते प्रामुख्याने उड्डाण-शाळांतील विद्यार्थी. व्यापारी परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च आताच मध्यमवर्गीय पालकाला कर्जात लोटतो. लहान विमानांचे हे पेट्रोल पूर्वी बाहेरून आणावे लागे. ते २०२२ पासून बडोद्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार होऊ लागले आहे. तेव्हा करच बसवावयाचा तर शिक्षणाचे तास वगळून तो खासगी विमानांच्या इंधनावर बसवावा. २०२० साली भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण-शाळांकडून घेण्यात येणारे स्वामित्वशुल्क रद्द केले आणि त्यानंतर जळगावसारख्या ठिकाणी नव्या शाळांना वाट मिळाली. सवलत योग्य जागी दिली की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

ग्लायडरची गोष्ट निराळी. त्याला इंजिनच नाही, मग इंधनावरचा कर लावणार कशाला? पुण्याजवळ हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अनेक दशके ग्लायडिंग केंद्र चालविले. लोखंडी तारेने ओढून ग्लायडर वर सोडावयाचा आणि मग वाऱ्याच्या भरवशावर तरंगावयाचे, इतका तो साधा प्रकार. आमच्या तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल की, या खात्यातील मंडळींनी एके काळी स्वतः ग्लायडरांचे आराखडे केले आणि त्यांना अश्विनी, रोहिणी, मृगशीर्ष अशी नक्षत्रांची नावे दिली. सरकारी कचेरीत इतके काव्य क्वचितच आढळते! ज्या कॉलेजातील मुलाला विमानाच्या एका तासाचे पैसे परवडत नाहीत, त्याला आकाशाची ओळख व्हावी ती अशाच ठिकाणी. तेथे वार्षिक वर्गणी आणि दर उड्डाणाचा केवळ तारेचा व यंत्राचा खर्च, एवढेच घ्यावे; मैदानाचे भाडे सभासदांच्या माथी मारू नये. शहराच्या मधोमध असलेल्या अशा मैदानांवर बाजारभावाने भाडे लावले तर हौस मरेलच, आणि मैदानही फार दिवस मैदान राहणार नाही. पूर किंवा भूकंप आला असता हेलिकॉप्टर उतरविण्यास मोकळी जागा शोधणाऱ्या प्रशासनाला त्याची किंमत मग कळेल.

कामशेतच्या डोंगरांवरून पॅराग्लायडिंग करणाऱ्यांसाठी सरकारला धावपट्टी बांधावयाची नाही. तेथे शुल्क असावे ते शिक्षकांची परीक्षा व साधनांची तपासणी यांपुरतेच, आणि तेवढे पैसे घेतल्यावर ती तपासणी खरोखरीच व्हावी.

राहिला खासगी विमानांचा व उद्योगपतींच्या जेटचा प्रश्न. ते ‘हौशी’ या नावाखाली सवलत मागू लागले तर त्यांना नम्रपणे परत पाठवावे. अमेरिकेतील वादात गरीब वैमानिकाच्या आडून पुष्कळदा हीच मंडळी बोलत असतात, असा तेथील विमान कंपन्यांचा आरोप आहे आणि तो आम्हांस अगदीच निराधार वाटत नाही.

केंद्रीय विमान वाहतूक मंत्रालयाने पहिली गोष्ट करावयाची ती हिशेबाची. लहान विमाने, ग्लायडर आणि हवाई क्रीडा यांवर वर्षाकाठी सार्वजनिक पैसा किती खर्च होतो, त्यातील शिक्षणावर किती, मैदानांच्या निगेवर किती, आणि शुल्कातून परत किती येतो, हे आकडे एकत्र करून संसदेपुढे ठेवावेत. दर त्यानंतर ठरवावेत.