आज शेपूट कोण?

मुलांनो, डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून क्रीडास्पर्धांची धांदल उडते. मैदानावर फक्कीच्या रेघा पडतात, लेझीमचा सराव सुरू होतो आणि शंभर मीटरच्या शर्यतीसाठी वर्गावर्गांतून नावं मागवली जातात. मग काय होतं ठाऊक आहे? दर वर्षी नंबर काढणारे तिघं-चौघंच हात वर करतात. बाकीचे खिडकीबाहेर बघत बसतात! विचारलं तर म्हणतात, "नको बाई, मी शेवटचा येतो." यातला 'शेवटचा' हा शब्द इतका हळू म्हणतात, की जणू काही ती शिवीच आहे.

तर आज तुम्हाला मी अशा ठिकाणी नेते, जिथे शेवटी राहण्यासाठी वहीत नाव लिहून नंबर लावावा लागतो. थट्टा नाही करत, खरंच!

पुण्यात वेताळ टेकडी आहे. शहरातली ही सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण आठशे मीटर. आमचा वीस-पंचवीस जणांचा एक गट हिवाळ्यात दर रविवारी सकाळी तिथे पळायला जातो. डांबरी रस्त्यावर नाही हं, पायवाटांवर. याला हल्ली 'ट्रेल रनिंग' असं भारदस्त नाव आहे. आपण टेकडीवरचं पळणं म्हणू. गटात पाचवीतल्या मुलीपासून पोस्टातून निवृत्त झालेल्या आजोबांपर्यंत सगळे आहेत. दिवाळीची सुट्टी संपली की सुरुवात आणि होळी आली की बंद. पावसाळ्यात तिथली माती साबणासारखी निसरडी होते आणि उन्हाळ्यात आठ वाजताच डोकं तापतं. म्हणून हिवाळाच बरा.

जमायचं पावणेसातला, लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूला, टेकडीच्या पायथ्याशी. त्याआधी नीटसं दिसत नाही. तुम्ही भूगोलात शिकला आहात, की २२ डिसेंबरच्या सुमारास वर्षातला सर्वांत लहान दिवस असतो. मग त्यानंतर सूर्य लवकर उगवायला लागेल असं वाटतं की नाही? पण आपल्याकडे तसं होत नाही. दिवस मोठा होत जातो तो संध्याकाळच्या बाजूनं. सकाळचा सूर्य मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी उशिरा उशिराच येतो. कॅलेंडरमध्ये सूर्योदयाची वेळ छापलेली असते. ती आजपासून रोज वहीत उतरवून ठेवा आणि स्वतःच पडताळून बघा.

दुसरी गंमत थंडीची. पायथ्याशी दात वाजत असतात, पण वर चढत जावं तशी हवा ऊबदार लागते. पळून अंग तापतं हे खरंच, पण तेवढंच कारण नाही. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन झपाट्यानं निवते आणि तिला लागून असलेली हवाही गार होते. गार हवा जड. ती पाण्यासारखी उतारावरून घसरत खालच्या सखल भागात साचून राहते. म्हणून सकाळी माथ्यावर उभं राहिलं की खाली शहरावर धुक्याची आणि धुराची मळकट चादर दिसते आणि आपण मात्र स्वच्छ उन्हात! स्वेटर सुरुवातीलाच काढून कमरेला बांधायचा, असा आमचा शिरस्ता त्यामुळेच आहे. पहिली पाच मिनिटं कुडकुडायचं, पुढे त्याची आठवणही होत नाही.

मोजे मात्र उंच घालावेत. हिवाळ्यात टेकडीवरचं कुसळी गवत वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं मोज्यांत अशी काही घुसतात, की घरी आल्यावर अर्धा तास वेचत बसावं लागतं. पण एखादं कुसळ फेकून न देता त्याच्या शेपटीला पाण्याचा थेंब लावून पाहा. ती सावकाश गरगर फिरू लागेल. ओली झाली की तिचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. या फिरण्यामुळे बी आपोआप जमिनीत शिरतं. नांगर नाही, शेतकरी नाही, आणि पेरणी पूर्ण!

आता पळण्याकडे वळू. चढावर आमच्यातलं कुणीच शूरपणा करत नाही. पावलं लहान टाकायची आणि खडा चढ आला की सरळ चालायचं. शेजाऱ्याशी एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त झाला असं समजावं. उतार सोपा वाटतो, पण पडझड होते ती तिथेच, कारण पायाखाली सुटा मुरूम असतो. उतरताना मागे रेलू नये. पावलं आखूड आणि भराभर पडावीत, नजर पायावर न ठेवता चार-पाच पावलं पुढे ठेवावी. आणि दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर घाबरू नका. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात, त्यामुळे ते चढण्यापेक्षा उतरण्यानंच जास्त दुखतात. पाणीही प्या बरं का! थंडीत तहान जाणवत नाही, पण तोंडातून ती जी पांढरी वाफ निघते ना, ते तुमच्या शरीरातलंच पाणी असतं.

हे सगळं ठीक आहे, पण पंचवीस माणसं पंचवीस वेगांनी पळणार. मग ती एकत्र कशी राहायची?

हा प्रश्न फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शाळांत मुलं 'ससा आणि शिकारी कुत्रे' असा एक खेळ खेळायची. दोघं जण ससे. त्यांनी पिशवीतून कागदाचे कपटे टाकत रानावनांतून पळायचं आणि बाकीच्यांनी त्या मागावरून त्यांना गाठायचं. त्यातूनच पुढे क्रॉसकंट्री शर्यती आल्या. १८६८ साली लंडनजवळ नौकानयन करणाऱ्या काही मंडळींनी हिवाळ्यात अंग जड होऊ नये म्हणून या पळण्याचा एक क्लब काढला, त्याचं नावच 'थेम्स हेअर अँड हाउंड्स'. तो आजही चालू आहे. पुढे असे पुष्कळ क्लब निघाले. त्यांचे सभासद कळप करून पळायचे. पुढे वेग राखणारा एक माणूस आणि सगळ्यांत मागे, रेंगाळणाऱ्यांना सांभाळून आणणारा दुसरा. या मागच्याला म्हणत 'व्हिप', म्हणजे चाबूक. शिकारीत कुत्र्यांना इकडेतिकडे भरकटू न देणाऱ्या माणसावरून हा शब्द आला. विधानसभेतही पक्षाचे आमदार एकत्र राखणारा 'व्हिप' असतो. आपण त्याला मराठीत प्रतोद म्हणतो, आणि प्रतोद म्हणजेही चाबूकच!

आमच्याकडे चाबूकबिबूक नाही. आमच्या मागच्या माणसाचं नाव 'शेपूट'. त्याच्या गळ्यात शिट्टी आणि पिशवीत पाणी, चिक्की आणि चिकटपट्टी. शेपटानं कुणाच्याही पुढे जायचं नाही. कुणी बुटाची नाडी बांधायला थांबलं तर शेपूटही थांबतं. दोन वाटा फुटतात तिथे दोन्हीकडे नजर टाकल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. माथ्यावर वेताळाच्या देवळापाशी मोजणी होते आणि शेपूट पोचल्याशिवाय कुणी खाली उतरत नाही, मग पुढचे अर्धा तास आधी आलेले का असेनात. पाळी ठरवायला आजोबांकडे वही आहे. निघताना ते वही उघडतात आणि विचारतात, "आज शेपूट कोण?"

महिन्यातून एकदा आम्ही सशाचा खेळही खेळतो. कागदाचे कपटे टाकायचे म्हणजे कचरा, म्हणून आम्ही घरात जाळं धरलेलं ज्वारीचं पीठ वापरतो. ते मुंग्या खाऊन टाकतात. दोन मुलं आणि एक मोठा माणूस आधी जाऊन पिठाच्या ठिपक्यांनी माग काढतात. खाणीच्या बाजूला माग न्यायचा नाही, हा पक्का नियम. मधूनमधून ते खोटा मागही काढतात. चार-पाच ठिपके आणि पुढे फुली. फुली दिसली की मुकाट्यानं मागे फिरायचं आणि खरी वाट शोधायची. यात कुणाची फजिती होते? पुढच्यांची! ते फुलीपर्यंत धावत जाऊन परत येतात, तोवर मागचे आरामात येऊन त्यांना गाठतात. खेळाची खरी युक्ती आहे ती इथे.

गेल्या जानेवारीत अशाच एका रविवारी आम्ही तेवीस जण होतो. त्या दिवशी सातवीतला एक मुलगा आणि त्याचे बाबा नव्यानं आले होते. मुलगा चपळ. बाबांच्या हातात स्टॉपवॉच. पायथ्याशीच त्यांनी मुलाला बजावलं, "मागे वळून बघायचं नाही. पहिला यायचं." आजोबांनी हे ऐकलं. त्यांनी वही उघडली, थोडा वेळ बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "अहो, आज शेपटाची पाळी नव्या माणसाची आहे." असा नियम वहीत कुठेही नाही! पण आम्ही कशाला बोलतोय? शिट्टी बाबांच्या गळ्यात पडली.

मुलगा बाणासारखा सुटला. बाबांच्या वाट्याला आली आमची पाचवीतली मुलगी. ती दर वेळी शेवटी असते, कारण तिला सगळं बघायचं असतं. मोराचं पडलेलं पीस, कोळ्याच्या जाळ्यावरचं दव, बिनपानांच्या गिरिपुष्पाला आलेली पहिली गुलाबी फुलं. बाबा दर मिनिटाला घड्याळ बघत होते म्हणे. ती सांगत होती, "काका, आपल्याला घाई नाहीये. आपण शेपूट आहोत."

आम्ही माथ्यावर पोचलो, मोजणी झाली. वीस! शेपूट आणि ती मुलगी यायची होती, ते दोघं झाले. पण तिसरं कोण? तोच मुलगा नव्हता, जो सगळ्यांच्या पुढे होता. खाणीची आठवण होऊन माझ्या पोटात गोळा आला. तिघं मोठे ताबडतोब मागे फिरले.

तिकडे झाडीत दोन वाटा फुटतात तिथे ती मुलगी थबकली होती. "काका, इथे फुली होती. पुसलीय बघा. कुणाचा तरी बूट गेलाय वरून." पीठ दोन्ही बाजूंना फासलं गेलं होतं आणि ठसा पुढे गेला होता. पळण्याच्या भरात मुलाला फुली दिसलीच नव्हती. बाबा त्या वाटेनं धावत सुटणार, तेवढ्यात तिनं त्यांचा हात धरला. "आधी शिट्टी, काका. तीनदा." बाबांनी शिट्टी वाजवली. काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा वाजवली. मग लांबून बारीक आवाज आला, "बाबाऽऽ!"

निघताना सगळ्यांना सांगितलेला एक नियम त्यानं नेमका लक्षात ठेवला होता. वाट चुकली की शोधत फिरायचं नाही, जिथे कळेल तिथेच बसायचं. ठिपके संपलेले लक्षात आले आणि तो एका दगडावर बसून राहिला होता. पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं एकट्यानं रानात बसणं सोपं नाही हं! बाबांनी त्याला चिक्की दिली, पाणी दिलं आणि तिघं जण हळूहळू वर आले. स्टॉपवॉच चालूच राहिलं होतं. देवळाजवळ ते कधीतरी कुणीतरी बंद केलं.

पुढच्या रविवारी दोघं पुन्हा हजर. बाबा थेट आजोबांकडे गेले आणि म्हणाले, "आज शेपूट मी होऊ का?"

आजोबांनी वही उघडली. या खेपेला खरोखरच बघितलं. "नाही हो, आज हिची पाळी आहे," पाचवीतल्या मुलीकडे बोट दाखवत ते म्हणाले, "मोठं माणूस म्हणून बाई असतील तिच्याबरोबर. तुमचा नंबर फेब्रुवारीत लागेल."