भांड्यावर नाव कोणाचं?

धनत्रयोदशीला बिरवाडी-महाडच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांसमोर जी गर्दी होते, तिच्यातले निम्मे लोक खरेदी आटोपलेले असतात. ते थांबलेले असतात नावासाठी. दुकानाच्या कडेला नावं घालणारा बसलेला असतो, हातातलं विजेचं यंत्र घरघरत असतं आणि डब्याच्या, तांब्याच्या, परातीच्या काठावर अक्षरं उमटत जातात. पूर्वी हेच काम छिन्नी-हातोडीने ठिपके ठोकून व्हायचं. जुन्या पितळी हंड्यांवर ती ठिपक्यांची अक्षरं अजून वाचता येतात.

आता याच बाजाराला शेजार आहे तो मोबाइलवरून मागवलेल्या भेटींचा. फोटो छापलेला मग, नावाची किचेन, बहीण-भावाचा लहानपणीचा फोटो असलेली उशी. भाऊबीज तोंडावर आहे, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होईल, आणि या वस्तूंची मागणी वाढतच जाईल. ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या भेटींकडे नाक मुरडायचं कारण नाही. पण त्यांत काय आहे आणि काय राहून गेलं आहे, हे पाहायला हवं.

अशा भेटी बनवण्याच्या पद्धतीला उद्योगजगतात ‘मास कस्टमायझेशन’ म्हणतात. अमेरिकेतल्या स्टॅन्ली डेव्हिस यांनी १९८७ साली ‘फ्युचर परफेक्ट’ या पुस्तकात ही कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये जोसेफ पाइन यांच्या पुस्तकाने ती कारखानदारांपर्यंत पोचवली. वस्तू हजारोंनी बनवायची, पण प्रत्येक गिऱ्हाइकाला ती त्याच्या पसंतीची द्यायची. आधीच्या काळात हे परवडत नसे. फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात निघायची. आपल्या लग्नपत्रिकेचंही तेच. छपाईची प्लेट एकदा तयार झाली की पाचशे पत्रिका सारख्याच निघायच्या, पाहुण्याचं नाव तेवढं पाकिटावर हाताने लिहायचं. मगावरच्या फोटोला प्लेट लागत नाही. चित्र आधी खास कागदावर छापतात आणि तो कागद मगाभोवती गुंडाळून सुमारे दोनशे अंश तापमानाला दाबतात. शाईची थेट वाफ होते आणि ती मगावरच्या लेपात शिरते. दुसऱ्या मगासाठी फक्त संगणकातलं चित्र बदलायचं, खर्च तेवढाच. म्हणून तर तालुक्याच्या बाजारपेठेतला फोटो स्टुडिओवालाही आज हे काम करू शकतो. आपल्या पोरांना गावात मिळालेला हा चांगला धंदा आहे.

आपल्या रायगड जिल्ह्याला मात्र ही कल्पना अमेरिकेतून शिकावी लागलेली नाही. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्ती साच्यातून निघतात, एकासारख्या एक. त्यातल्या कितीतरी रंगाविना गावोगावच्या कारागिरांकडे जातात. तिथे घरचा पाट आधीच नेऊन ठेवलेला असतो. कुणाला पीतांबर पिवळाच हवा, कुणाला फेटा हवा, कुणी मोबाइलवर मुंबईच्या गणपतीचा फोटो दाखवतो. शेवटी डोळ्यांची आखणी हाताने होते आणि साच्यातली मूर्ती ‘आपल्या घरची’ होते. साचा एकच असल्याचं घरी कुणाला वाईट वाटत नाही.

भांड्यांचंही तसंच. स्टीलचा डबा कारखान्यातून हजारोंनी येतो. त्याला वेगळं करतो तो मजकूर, आणि या मजकुराची रीत ठरलेली आहे. कोणाला दिलं, कोणी दिलं, कशासाठी दिलं आणि कधी दिलं. लग्नानिमित्त, बारशानिमित्त, कुणाच्या स्मरणार्थ, सप्रेम भेट, खाली तारीख. महाड-पोलादपूरच्या वाड्यांमध्ये गावकीची मोठी पातेली आणि टोप असतात. त्यांवर अनेकदा वाडीच्या मुंबईतल्या मंडळाचं नाव सापडतं. पोटासाठी मुंबईला गेलेल्यांनी वर्गणी काढून गावाला भांडी दिली, त्याची ती नोंद. लग्नाला, पूजेला, भंडाऱ्याला एका घरची भांडी दहा घरांत फिरतात आणि नावामुळे घरी परत येतात. जुलै २०२१ च्या महापुरात महाडमधले संसार चिखलात गेले. अशा वेळी धुऊन काढलेलं भांडं कोणाचं हे सांगायला कोरलेल्या अक्षरांसारखा साक्षीदार नाही.

मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये बहुधा एकच रकाना असतो : नाव. तेही घेणाऱ्याचं. देणारा बिलावर असतो, वस्तूवर नसतो. याच्या उलट तऱ्हा कारखान्यातल्या दिवाळी भेटीची. सगळ्या कामगारांना सारखी बॅग किंवा सारखा डबा, आणि त्यावर कंपनीचं नाव. तिथे देणारा दिसतो, घेणारा नाही. नावं घालणारा दोघांना एका ओळीत बसवतो. वीस वर्षांनी तो डबा हातात घेतलेल्या नातीला कळतं की हा आजीला तिच्या भावाने दिला होता. मगावर फक्त आजीचा फोटो असेल, तर भावाचं नातं कुठे शोधायचं?

पण जुन्या रीतीतला एक दोष लपवून चालणार नाही. ज्या भांड्यांत बाईचं आयुष्य जातं, त्यांवर नाव तिच्या वडिलांचं, सासऱ्याचं किंवा नवऱ्याचं. मुलीच्या लग्नाच्या भांड्यांवर तिचं नाव आलंच, तर पुष्कळदा सासरी मिळणारं, लग्न लागण्याआधीच कोरलेलं. आईचं नाव तर कुठेच नाही. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम बंधनकारक केला. सरकारी कागद बदलला. घरातलं भांडं बदलायला कुठल्याही आदेशाची गरज नाही. इथे नव्या पद्धतीचं कौतुक करायला हवं : मोबाइलवरून भेट मागवणारी मुलगी आपलं नाव स्वतः टाइप करते, जसं तिला हवं तसं. ते स्वातंत्र्य तिला भांड्यांच्या दुकानातही मिळायला हवं.

बाहेरून मागवताना एक काळजी घ्यावी. अनेक ठिकाणी मराठी जोडाक्षरं छापताना फुटतात, प्रज्ञाचा भलताच शब्द होऊन येतो आणि नाव घातलेली वस्तू सहसा परत घेत नाहीत. गावातल्या दुकानात निदान समोर उभं राहून तपासता येतं.

म्हणून भाऊबीजेला बहिणीसाठी डबा, ताट, तांब्या काहीही घ्या, किंवा फोटोचा मगच घ्या. मजकूर घरूनच कागदावर लिहून न्या. तिचं नाव तिला विचारून लिहा. मुलीच्या लग्नाचं भांडं असेल तर ‘आई-वडिलांकडून’ असं न लिहिता दोघांचीही नावं लिहा, आईचं आधी. आणि खाली नुसतं ‘दीपावली’ नको, साल हवं. कोणती दिवाळी ते पुढच्यांना आकड्यावरूनच कळणार आहे.