दोष आयसोलेटरचा की जोडणीचा?

मावळ-लोणावळ्याच्या पावसात फिरणाऱ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत फ्रीज, जादा दिवे यांसाठी दुसरी बॅटरी बसवतात. इंजिन बंद असताना मुख्य बॅटरी उतरू न देणे हे आयसोलेटरचे काम. ते फसले की खापर त्याच्यावर फुटते. खरी कमजोरी मात्र बहुधा जोडणीत असते. आयसोलेटर म्हणून वापरला जाणारा साधा व्होल्टेज-संवेदी रिले साधारण 13.3 व्होल्टला बॅटऱ्या जोडतो, 12.8 च्या आसपास तोडतो. ओलीने अर्थिंगच्या नटावर गंज चढला की तिथेच व्होल्टेज पडते आणि रिले अवेळी उघडझाप करतो.

महागडा डीसी-डीसी चार्जर लावला की प्रश्न मिटला, असे काही जण म्हणतील. अल्टरनेटरचे व्होल्टेज संगणकाने कमी-जास्त होणाऱ्या नव्या गाड्यांत तो हवाच. पण गंजलेल्या जोडणीपुढे तोही हतबल ठरतो. म्हणून जाड वायर, दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज आणि पावसाळ्याआधी मल्टिमीटरने तपासणी यांवर आधी खर्च करावा.