मागचं मडगार्ड कापण्याआधी मागे कोण बसतं ते बघा

बीपी आणि शुगर सोडून डॉक्टर आज मोटरसायकलच्या मडगार्डवर का लिहायला लागले, असं तुम्हाला वाटेल. कारण सोपं आहे. ते मडगार्ड माझ्या ओपीडीत येतं. कधी डोळ्यातला कण होऊन, कधी थंडीताप होऊन, आणि कधी चार वर्षांच्या पोराच्या टाचेवरची जखम होऊन.

आपल्या सातारा-सांगली भागात जुन्या गाड्या नटवायची हौस मोठी. घरात आरएक्स 100 असते, बुलेट असते, नाहीतर वडिलांची स्प्लेंडर असते. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, शेजारून ग्राइंडर मागून आणायचा आणि रविवारी अंगणात मागचं मडगार्ड निम्मं करून टाकायचं. साडी गार्ड आणि मागचं हँडल भंगारात जातं, नंबर प्लेट सीटखाली सरकते. गाडी देखणी दिसते, हे मलाही मान्य आहे. कॉलेजात असताना माझ्या सेकंडहँड गाडीच्या सायलेन्सरचं मी काय केलं होतं, ते इथे सांगत नाही. आणि स्वतःच्या हातानं लोखंडाशी झटापट करण्यात वाईट काय? बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली आपल्याच जिल्ह्यात, कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. हौसेला माझा विरोध नाही.

विरोध एका गोष्टीला आहे. मडगार्ड कापतो एक आणि भोगतो दुसरा. ज्या गाड्यांचे फोटो बघून आपण कापाकापी करतो, त्या बहुतेक एकट्यानं चालवायच्या असतात. आपल्या गाडीवर मागे आई एका बाजूला पाय सोडून बसते, पदर वाऱ्यावर, मांडीवर नातू आणि हातात बाजाराची पिशवी. मडगार्ड कापताना तिला कोणी विचारलेलं नसतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 123 नेमका तिच्यासाठीच आहे. मागे माणूस बसणार असेल तर धरायला कायमचं हँडल हवं, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकलेला हवा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाच्या भीतीनं मी हे लिहीत नाही.

ओढणी किंवा पदर चाकात गेला की चाक तो क्षणात गुंडाळतं. ब्रेक दाबेपर्यंत गळ्याला फास बसलेला असतो. इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका 1927 साली फ्रान्समध्ये नीस इथं अशीच गेली, मोटारीच्या चाकात स्कार्फ अडकून. आपल्याकडे असं घडलं की ‘नुसतं खरचटलंय’ म्हणून लोक घरी जातात. तसं करू नका. गळ्यावर वळ उठला असेल, आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर आतून स्वरयंत्राला इजा झालेली असू शकते आणि सूज काही तासांनी वाढते. मान न हलवता थेट मोठ्या दवाखान्यात जा.

मुलांचं दुखणं वेगळं. झाकण नसलेल्या चाकात लोंबकळणारा पाय जातो, आरी आणि फ्रेम यांच्यामध्ये टाच चिरडते. अलॉय व्हील असलं तरी धोका टळत नाही. पहिल्या दिवशी जखम साधी दिसते आणि इथंच सगळे फसतात. चिरडलेली कातडी दोन-तीन दिवसांनी काळी पडते. माझ्याकडे असं एक पोर चौथ्या दिवशी आलं होतं, जखमेत हळद भरलेली. वडील खाली मान घालून एवढंच म्हणाले, “डॉक्टर, मीच काढलं हो ते गार्ड.” पोराला मिरजेला पाठवलं, मांडीची कातडी काढून टाचेवर लावावी लागली. त्या बापाला मी काही बोललो नाही. काय बोलणार?

असा पाय अडकलाच तर आधी गाडी बंद करा. पाय ओढू नका, चाक जोर लावून फिरवू नका. कापड असेल तर कापा, आरी असेल तर वाकवा किंवा तोडा. जखम स्वच्छ पाण्यानं धुवा, स्वच्छ कापडात गुंडाळा आणि 108 ला फोन लावा. हळद नको, कॉफी पावडर नको.

आता कापणाऱ्याबद्दल. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. डिस्कचं कव्हर अडचण होते म्हणून काढून टाकणारे आणि डोळ्यावर उन्हाचा गॉगल लावून काम करणारे मी रोज बघतो. उडालेला लोखंडी कण बुबुळावर रुततो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिथे गंज धरतो. गावात काडीनं, रुमालाच्या टोकानं, अगदी जिभेनंही कण काढणारी मंडळी आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं ड्रॉप्सही आणू नका. त्यात स्टेरॉईड निघालं आणि बुबुळावर जंतुसंसर्ग झाला, तर दृष्टीच जाऊ शकते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे हे पाच-दहा मिनिटांचं काम असतं. बाजूनंही बंद असलेला सेफ्टी गॉगल घ्या. गाडीच्या रंगाच्या मानानं तो फुकट पडतो.

वेल्डिंगची गंमत अशी की त्या वेळी काहीच होत नाही. दुपारी काच न धरता दोन टाके मारले की मध्यरात्री दोन्ही डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं, दिवा सहन होत नाही. बहुतेकांना हे एक-दोन दिवसांत बरं होतं, पण एकदा डोळे दाखवून घ्या. डोळ्यात दूध घालू नका.

आणि जीआय पत्र्याचं मडगार्ड वेल्ड करत असाल तर हे लक्षात ठेवा. त्यावरच्या जस्ताचा धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. रुग्ण येतो आणि आम्ही मलेरिया, डेंग्यू शोधत बसतो. त्यामुळे तापाचं सांगताना कालच्या वेल्डिंगचंही सांगा. दम लागला तर मात्र थांबू नका.

तुम्ही विचाराल, मग करायचं तरी काय? मडगार्ड रंगवा, पॉलिश करा, सीट बदला. रंग उघड्यावर मारा, तोंडाला रुमाल बांधून थिनरचा वास थांबत नाही. चाकाचं झाकण, साडी गार्ड, हँडल आणि फूटरेस्ट यांना हात लावू नका. टेल लॅम्प आणि रिफ्लेक्टरलाही नाही, कारण उसाच्या हंगामात रात्री मागून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येतो, त्याला तुम्ही दिसायला हवं. आधीच कापून बसला असाल तर साडी गार्ड बाजारात मिळतं आणि मेकॅनिक थोड्या वेळात बसवून देतो. तोवर मागे कोणाला बसवू नका, आणि बसवायचंच झालं तर पदर खोचून, ओढणी कमरेला बांधून.

पत्र्यानं हात कापला असेल तर धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, ते आठवून या. दर सहा महिन्यांनी ते लागत नाही. आधीचे डोस पूर्ण असतील तर मातीनं भरलेल्या जखमेलाही पाच वर्षांच्या आत पुन्हा घ्यावं लागत नाही. तारीख आठवत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, आम्ही देऊ.