गाडी दारात आली, वाट कुठे आहे?

कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात दारात जीप उभी असणे म्हणजे अर्धे गाव आपल्या नात्यात असणे. "मामा, गाडी काढता का? पोरीला दवाखान्यात न्यायचंय," अशी हाक रात्री दोन वाजता आली तरी नाही म्हणता येत नाही. कुणाच्या लग्नाचा बस्ता, कुणाला तुळजापूरला कुलदेवीच्या दर्शनाला जायचे, कुणाला येरमाळ्याच्या चैत्री यात्रेला. डिझेल कोण भरणार, हे विचारायची रीत नाही. जीप बाळगणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो हाच, की कागदावर गाडी आपली असते, पण अडीनडीला ती गावाची असते.

दुसरा धडा पाठीला मिळतो. आमच्या जुन्या जीपचे पाटे इतके कडक, की खड्डा आधी माणसाला कळतो आणि मग गाडीला. मागच्या आडव्या बाकांवर बसलेली मंडळी उतरल्यावर आधी कंबर धरतात. महामार्गावर वेग वाढला की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. उंच गाडी वळणावर जपून घ्यावी लागते. सौभाग्यवतींनी तर एकदा हिशेबच मांडला होता, की या गाडीच्या डिझेलात दोन मुलांची शिक्षणे झाली असती. हिशेब चुकीचा नव्हता. तरीही गाडी विकली नाही, कारण श्रावणात तीच गाडी शेतापर्यंत जाते, असा माझा दावा होता. त्या दाव्याकडे नंतर येऊ.

जीप ही मुळात दुसऱ्या महायुद्धासाठी जन्मलेली गाडी. मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून तिची जुळणी सुरू केली. आपल्या जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, ती आधी सरकारी गाडी म्हणूनच माहीत होती. गावाच्या वेशीवर धुरळा उठला की कुणीतरी साहेब आला असे समजावे. पुढे तीच जीप काळीपिवळी होऊन एसटी न पोहोचणाऱ्या गावांना बाजारपेठेशी जोडू लागली. नऊ जणांच्या जागेत पंधरा जण बसत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला, त्यानंतर पाऊसही कोसळत होता. त्या चिखलातल्या अरुंद रस्त्यांनी ज्यांनी ये-जा केली, त्यांना रस्ता नसणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

तेव्हा जीप ही गरज होती. त्यानंतर रस्ते सुधारले, हे मान्य केले पाहिजे. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशी असा चौपदरी झाला. आणि गंमत अशी, की रस्ते गुळगुळीत होत गेले तशी खडबडीत रस्त्यांच्या गाड्यांची हौस वाढत गेली. २०२० साली नव्या रूपातली 'थार' आली आणि तालुक्याच्या गावी तिची छायाचित्रे लग्नाच्या फ्लेक्सवर झळकू लागली. जानेवारी २०२३ मध्ये तिचाच केवळ मागच्या दोन चाकांवर चालणारा स्वस्त प्रकार निघाला. रूप डोंगरातल्या गाडीचे आणि चाल साध्या मोटारीची. हौसेला मोल नसते, हे खरे. पण दहा लाखांच्या पुढची ही हौस अनेक घरांत कर्जाच्या हप्त्यावर आलेली असते, आणि सोयाबीनचा भाव हप्त्याची तारीख पाहून ठरत नाही.

आता माझ्या दाव्याकडे येतो. आपली काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि चाकाला अशी चिकटते, की टायरच्या खाचा पहिल्या दहा फेऱ्यांतच बुजून जातात. मग चारही चाकांना इंजिनाचा जोर असला तरी चारही चाके जागेवरच फिरतात. शिवाय हा जोर गाडी पुढे न्यायला उपयोगी असतो, थांबवायला नाही. घसरणीवर सगळ्या गाड्या सारख्याच. अशा वेळी माझी जीप तीनदा बांधाला टेकली आणि तिन्ही वेळा ती ओढून काढली शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने. या मातीतले खरे रानवाहन कोणते, याचा निकाल तेव्हाच लागला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. मोठ्या गाड्यांवरचा जवळपास पन्नास टक्क्यांचा एकूण कर चाळीसवर आला, ट्रॅक्टरवरचा बारावरून पाचवर. त्याच आठवड्यात सीनेच्या पुराने परांडा तालुक्यात हाहाकार उडवला, माणसे हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली. फूटभर वाहते पाणी लहान मोटारीला आणि दोन फूट पाणी जीपसारख्या गाडीलाही वाहून नेऊ शकते. त्या पाण्यात दारातली कोणतीही गाडी कामाची नव्हती. पाणी ओसरल्यावर प्रश्न उरला तो शेतात जाण्याच्या वाटेचाच.

आपली एक सवय झाली आहे. नळाला पाणी नाही, तर आपापले बोअर घ्यायचे. वीज नाही, तर इन्व्हर्टर बसवायचा. वाट नाही, तर मोठी गाडी घ्यायची. प्रत्येक घर आपल्यापुरती सुटका विकत घेते आणि सामाईक दुखणे तसेच राहते. गाडी एकट्याच्या पैशाने येते. पाणंद मात्र एकट्याला करता येत नाही. त्यासाठी बांधाला बांध लागून असलेल्या दहा जणांनी हातभर माती सोडावी लागते. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात. शेत-पाणंद रस्त्यांसाठी 'मातोश्री' योजना २०२१ साली आली. तरीही कितीतरी वाटा भावकीच्या भांडणात अडकलेल्या आहेत. त्याची किंमत ऊस तोडून न नेता आलेला शेतकरी मोजतो, आणि वस्तीवरून खाटेवर उचलून आणावी लागणारी बाळंतीणही मोजते.

गेल्या दिवाळीत मुलाने नव्या गाडीचा विषय काढला. मी त्याला म्हणालो, "घे बाबा, पण आधी आपल्या बांधावरची तीन फूट जमीन पाणंदीला सोडू. शेजारच्या काकांनीही तेवढी सोडली, तर पावसाळ्यात त्यांचा ट्रॅक्टर आणि तुझी गाडी, दोन्ही जातील." तो चार दिवस गप्प होता. पाचव्या दिवशी काकांकडे जाऊन आला. काका अजून हो म्हणालेले नाहीत. पण त्यांनी नाही म्हटलेले नाही, आणि आमच्याकडे बांधाच्या बाबतीत एवढीसुद्धा सुरुवात मोठी मानतात.